शेवटच्या बाजारातली सीताफळं

“कवा खायचंय, काका?” टोपलीमागच्या बाईनं विचारलं.

“आज. आत्ताच.”

“मग हे न्हाई चालायचं. हे गुरुवारी पिकतंय. घरी न्या, ज्वारीत पुरून ठिवा.”

“गुरुवारपर्यंत थांबता यायचं नाही.”

ती शेजारणीकडं बघून हसली. “एवढी काय घाई? घरात कुणाला डोहाळे लागलेत का?”

“तसंच समजा,” मी म्हणालो आणि पुढं निघालो.

आमच्या गावचा बाजार मंगळवारी नदीकाठच्या मोकळ्या जागेत भरतो. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं दसऱ्याच्या आगेमागे यायला लागतात आणि दिवाळी झाली की संपतात. त्या मंगळवारी दिवाळी होऊन गेली होती. बाजारात पेरू होते, नवी मेथी होती, आवळे होते. सीताफळवाल्या बाया मात्र थोड्याच राहिल्या होत्या, आणि त्यांच्या टोपल्यांत एक तर दगडासारखी कडक फळं होती, नाही तर काळी पडलेली. पुढच्या मंगळवारी तीही दिसणार नव्हती.

मला बाजार करता येत नसे. बाजार महानंदा करायची. मी तिच्या मागं पिशवी धरून चालायचो आणि चहाच्या टपरीजवळ थांबून राहायचो. त्या दिवशी मी एकटा होतो. एका टोपलीतलं फळ उचलून अंगठ्यानं दाबून बघितलं, तर टोपलीमागचा म्हातारा ओरडला, “वायरमन, ती काय स्विचची बटनं हायती का? दाबलं की काळं पडतंय ते.”

मी वीज मंडळात वायरमन होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गाव मला वायरमनच म्हणतं.

महानंदा जाऊनही आता बरीच वर्षं झालीत. त्या मंगळवारी ती घरात खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिच्या पोटात गाठ होती. लातूरच्या डॉक्टरांनी सगळं करून बघितलं, आणि मग मला एका बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, जे मागतील ते द्या. ही काही मागतच नव्हती. आमची मुलगी वैजयंता सासरहून आली होती. ती पेज करायची, मऊ भात करायची, साबुदाण्याची खीर करायची. महानंदा एक चमचा घ्यायची आणि ओठ मिटायची. मग तो एक चमचाही बंद झाला. नुसतं पाणी. वैजू भांडी घासायच्या निमित्तानं मोरीत जाऊन रडायची. मला वाटायचं, जाणार तर आहेच, पण उपाशी जाऊ नये. तिच्या जिभेला आवडेल असं काहीतरी तिच्या पोटात जावं. मला त्यावेळी दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी बाजाराला जाणारी माणसं खिडकीवरून बोलत चालली होती. महानंदानं डोळे उघडले.

“सीताफळं संपली का हो?”

मी उठून बसलो. “बघतो की. आणू का?”

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, “आणा. तुमच्यासाठी आणा. यंदा तुम्ही एकही खाल्लं नाही.”

मी ‘आणा’ एवढंच ऐकलं. पायात चपला घातल्या.

वैजू बाहेर आली. “काय म्हणाली आई?”

“सीताफळ आणा म्हणाली.”

“पण अप्पा, तिला खोकला होतो ना त्यानं?”

“आता खोकल्याला काय भ्यायचं, वैजू?”

लग्न झालं त्या साली महानंदा सीताफळांवर तुटून पडायची. तिचं माहेर डोंगरात. तिथं शेताच्या बांधांवर सीताफळं आपोआप यायची. दसऱ्याला तिचा भाऊ डालगंभर घेऊन आला तर ती पायरीवर बसली आणि बघता बघता निम्मं डालगं रिकामं केलं. माझी आई म्हणाली, “सून आणली का वानरीण आणली रे, मन्मथ?” महानंदा तोंडातली बी थुंकून म्हणाली, “वानरीण साल पण खाते, आत्याबाई. मी साल ठेवली.” आई दिवसभर ते आल्यागेल्याला सांगत होती. पुढं केव्हातरी महानंदानं सीताफळ खाणं बंद केलं. घशाला त्रास होतो, खोकला सुटतो म्हणायची. वयाप्रमाणं होत असेल म्हणून मीही कधी जास्त विचारलं नाही. घरात सीताफळं मात्र येत राहिली. ती माझ्यासाठी आणायची.

बाजाराच्या मधल्या रांगेत एका तरुण माणसाकडं बागेतली मोठी सीताफळं होती, प्रत्येकाला पांढरी जाळी घातलेली. “हे आज खावा,” तो म्हणाला. मी फळ नाकाला लावलं. वासच नव्हता. महानंदा अशा फळांना साखरपाणी म्हणायची. मी ते ठेवून दिलं. आधीच तोंड मिटलेल्या माणसाला साखरपाणी देऊन काय उपयोग.

जनावरांच्या हौदाजवळ, अगदी शेवटाला, केराबाई बसलेली दिसली. ती डोंगरावरच्या वाडीतली. महानंदाचं आणि तिचं जुनं जमायचं. महानंदा तिच्याजवळ गेली की अर्धा तास हलायची नाही, आणि मी लांबून खुणा करून दमायचो. केराबाईच्या टोपलीत थोडीच फळं राहिली होती. तिनं मला ओळखलं आणि माझ्या मागं बघितलं.

“वायरमनीण कुठंय? यंदा एकाबी बाजारला दिसली न्हाई.”

“आजारी आहे.”

“काय झालं?”

“पोटात गाठ आहे.”

केराबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली. “लई हाय का?”

“लई आहे.”

तिनं मान खाली घातली. जवळच्या तांब्यातलं पाणी हातावर घेतलं आणि फळांवर शिंपडलं. बराच वेळ नुसतं पाणीच शिंपडत राहिली.

“एक सीताफळ पाहिजे होतं,” मी म्हणालो. “आज खाण्यासारखं.”

तिनं टोपलीच्या तळाचा पाला बाजूला केला आणि आतून एक फळ काढून दोन्ही हातांवर घेतलं. “हे बगा. डोळं कसं उघडलंय. जरा जोरात धरलं तर हातात फुटंल. नातवाला ठिवलं व्हतं, पर तुमी न्या. आजून दोन हायती असली. तिन्ही न्या. घरी गेल्यागेल्या खा.”

“मला नकोत. तिला पाहिजे.”

केराबाईचा हात थांबला.

“तिनं मागितलं?”

“आणा म्हणाली सकाळी.”

“सोताला आणा म्हनली?”

“तिला पूर्वी फार आवडायचं. मधे खोकल्यामुळं सोडलं. आता कसला खोकला नि कसलं काय.”

“खोकला,” केराबाई म्हणाली. “तसं सांगितलं व्हय तुमाला.”

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. “संपलं, जावा पुढं,” म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं. टोपलीत फळं समोर दिसत होती. तो माणूस तिच्याकडं बघत निघून गेला.

“केराबाई, काय ते सांगा.”

“ती रागावंल माज्यावर.”

“ती आता कुणावर रागावण्यासारखी राहिली नाही.”

केराबाईनं पदर सारखा केला. “तुमी पोलावरनं पडलता बगा. शॉक बसून. तुमाला मोठ्या दवाखान्यात नेलतं आन् शुद्ध नव्हती. आमच्या वाडीतबी कळलं व्हतं, वायरमन काय वाचत न्हाई म्हनून. त्या साली ती बाजारला आली न्हाई. म्होरल्या साली आली. मी म्हनलं, ये गं वायरमनीण, हे चाख, आवंदा लई गोड उतरलंय. फोडून हातावर ठिवलं तिच्या. तिनं ते तसंच परत माज्या हातावर ठिवलं. म्हनली, केरे, मी हे महादेवाला सोडलंय.”

मी टोपलीचा काठ धरला.

“म्हनली, देवाला बोलले, माज्या नवऱ्याला उठीव, तो जिता हाय तवर मी सीताफळ तोंडात घालनार न्हाई. मी म्हनलं, येडी का खुळी तू? दुसरं कायतरी सोडायचं. कारलं सोडायचं. तर म्हनली, कारलं सोडून महादेवाला फसवू का?”

बाजाराचा गलबला चालू होता. कुणीतरी मेथीच्या भावावरून भांडत होतं.

“मग ती दर मंगळवारी तुमच्याकडून नेत होती ते?”

“ते तुमाला. येचून येचून न्यायची. मला सगळी टोपली उलथीपालथी करायला लावायची. आमच्यांला लई आवडतंय म्हनायची.”

मला सीताफळ फारसं आवडत नाही. बिया काढत बसायचा मला कंटाळा येतो. मला पेरू आवडतो, मीठ लावून. पण दर हंगामात ती ताटलीत सीताफळ ठेवायची आणि मी खाऊन होईपर्यंत समोर बसून राहायची. स्वयंपाक अर्धा टाकून बसायची. मला वाटायचं, एवढ्या हौसेनं आणलंय, नको कसं म्हणू. म्हणून मी खायचो. ती बघत बसायची. ती काय बघत होती ते मला त्या दिवशी कळलं.

“हसायचीबी कदी कदी,” केराबाई म्हणाली. “म्हनायची, केरे, आमचे माज्याआदी गेले ना, की येते तुज्याकडं. टोपलंभर खाते आन् सालींचा हार तुज्या गळ्यात घालते. मी म्हनायची, तवर मी ऱ्हायले पायजे ना.” ती हसायला गेली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मी तिथंच खाली बसलो. मागून येणाऱ्या एकाची सायकल मला लागली. तो काहीतरी बोलला, मग माझं तोंड बघून सायकल बाजूनं काढून गेला.

“हे सुटत नाही का, केराबाई?”

“काय?”

“असं सोडलेलं.”

“सुटतंय की.” ती सरसावून पुढं आली. “ज्याच्या नावानं सोडलंय त्यानं देवाला फळ वाहायचं आन् मग आपल्या हातानं भरवायचं. आमच्या सासूनं पावटा सोडला व्हता माज्या दिरासाठी. दिरानं देवाला वाहून आपल्या हातानं आईला भरवला. मग खायची की सासू, पातेलंभर खायची. तुमी भरवा. तुमी जित्ते, धडधाकट तिच्याम्होरं बसून भरवा. मग तिला भ्या कशाचं?”

तिनं तिन्ही फळं पाल्यात बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. “तिला सांगा, केरी म्हनली, खा,” एवढंच म्हणाली.

महादेवाचं देऊळ गावाबाहेर टेकावर आहे. पडल्यापासून माझा उजवा गुडघा पायऱ्यांना नको म्हणतो. मी फळं छातीशी धरून, कठड्याला टेकत चढलो. फळ हातात फुटेल अशी भीती वाटत होती, म्हणून घाईही करता येत नव्हती. ऊन डोक्यावर आलं होतं. देवळातले स्वामी गाभारा धुऊन बाहेर बसले होते. ते माझ्यापेक्षा लहान, पण मला अहोजाहो करायचे आणि मीही त्यांना.

“या, मन्मथअप्पा. बाईंचं कसं आहे?”

मी त्यांना सांगितलं. सगळं सांगायला चार वाक्यंसुद्धा लागली नाहीत. ते ऐकत राहिले, मग उठले, आत गेले. मी एक फळ पिंडीपुढं ठेवलं. काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. “माझं झालं, आता तिला मोकळं कर,” असं काहीतरी म्हणालो. स्वामींनी फळावर बेलाचं पान ठेवलं, पाणी सोडलं आणि ते फळ परत माझ्या हातात दिलं.

“हेच भरवा. हा आता प्रसाद झाला. प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही.”

“म्हणजे सुटलं?”

“देवाकडून सुटलं. देवाचं सोपं असतं, अप्पा. बाईंच्या मनाला पटलं पाहिजे.”

“पटेल,” मी म्हणालो. उतरताना मला तसं खरंच वाटत होतं. लातूरहून आल्यापासून पहिल्यांदाच माझ्या हातात काहीतरी करण्यासारखं होतं. फळ होतं, प्रसाद होता, भरवणारा मी होतो. एक घास जाईल. एकाला दुसरा जोडून जाईल. मी रस्त्यानं भराभर चाललो होतो.

वैजू दारातच उभी होती. “मिळालं?”

“मिळालं. चमचा आण आणि वाटी आण.”

महानंदा डोळे मिटून पडली होती. मी हातपाय धुतले आणि खाटेवर तिच्याजवळ बसलो. फळ दोन्ही हातांत धरून हलकेच दाबलं. ते लगेच उकललं. खोलीत वास पसरला. तिचे डोळे मिटलेलेच होते, पण नाकपुड्या हलल्या.

“डोंगरातलं आहे,” ती म्हणाली.

“केराबाईकडचं.”

“बरी आहे का ती?”

“बरी आहे. तुला विचारत होती.”

तिनं डोळे उघडले आणि फळाकडं बघितलं. मी चमच्यानं एक पाकळी काढली, बी बाजूला केली आणि चमचा तिच्या ओठांजवळ नेला.

ती हसली. “हे काय. तुम्ही खा.”

“मला कळलंय, महानंदा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. वैजू उंबऱ्यात उभी होती, तिच्याकडं बघितलं. “केरीच्या तोंडात तीळ भिजत नाही,” ती म्हणाली.

“टेकावर जाऊन आलो. महादेवाला वाहिलं. स्वामींनी प्रसाद म्हणून परत दिलंय. आता मी माझ्या हातानं भरवलं की सुटतं.”

“कुणी सांगितलं?”

“केराबाईनं. तिच्या सासूनं दिरासाठी पावटा सोडला होता. दिरानं भरवला आणि सुटला.”

“आणि दीर?”

“काय दीर?”

“तो पुढच्या पावट्यापर्यंत राहिला नाही. ते नाही सांगितलं केरीनं?”

चमचा माझ्या हातात तसाच होता. मी म्हणालो, “दुसऱ्या कशानं गेला असेल.”

“असेल.”

“दारू पीत असेल. डोंगरात साप असतात.”

“असतील की.” तिला बोलताना धाप लागत होती. ती थांबून थांबून बोलत होती. “माझं काही म्हणणं नाही. पण मी नाही घेणार.”

“महानंदा, मी म्हातारा झालो आता. किती जगणार आहे? आणि तू नसताना जगून करायचंय काय?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी माझं मोडणार नाही.”

वैजू पुढं आली. तिला अजून पुरतं कळलं नव्हतं, पण एवढं कळलं होतं की आई घास नाकारतेय. ती खाटेच्या पायाशी गुडघ्यावर बसली. “आई, एक घास घे ना. माझ्यासाठी.”

महानंदानं हात उचलायचा प्रयत्न केला. वैजूनंच तो हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला.

“तुझ्यासाठी तुझा बाप ठेवलाय गं,” महानंदा म्हणाली. “आणखी काय मागतेस?”

वैजू उठली आणि आत गेली. स्वयंपाकघरात तिनं नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

मी चमचा वाटीत ठेवला. मला राग आला होता. कुणाचा ते सांगता यायचं नाही. तिचा, केराबाईच्या दिराचा, महादेवाचा. एवढी वर्षं मी ताटलीत बिया टाकत बसलो होतो आणि ती समोर बसून बघत होती. एकदाही तिच्या तोंडाला पाणी सुटल्याचं मला दिसलं नाही.

“ठीक आहे,” मी म्हणालो. “मग आजपासून मीही सोडलं. तू नाही, मी नाही. फेकून देतो ही.”

मी वाटी उचलून उठलो. तिनं माझं धोतर धरलं. तिच्या हातात जोर नव्हता, नुसती बोटं अडकली होती, पण मी थांबलो.

“नाही,” ती म्हणाली. “बसा खाली.”

मी बसलो.

“तुम्ही सोडलंत तर माझं काय राहिलं? मी कशाला सोडलं मग?” तिनं दम घेतला. “माझ्या मागं लोक म्हणतील, बायकोच्या नावानं काहीतरी सोडा. काही सोडायचं नाही. दरसाल खायचं. म्हणा हो.”

“महानंदा—”

“म्हणा हो.”

“हो.”

“आता खा. इथं बसून खा.”

मला सीताफळ आवडत नव्हतं; मला आवडतं असं तिला वाटत होतं म्हणून मी आजवर खात आलो होतो. त्या वेळी हे तिला सांगावं असं एकदा तोंडावर आलं. मी ते गिळलं. चमचा घेतला आणि तिच्यासाठी काढलेली पाकळी माझ्या तोंडात घातली. मी तोंड हलवत राहिलो.

ती कुशीवर वळायला बघत होती. मी तिला आधार देऊन वळवलं, पाठीशी उशी लावली. आता तिचं तोंड माझ्या तोंडासमोर होतं.

“कसं आहे?”

“गोड आहे.”

“गोड असतंच ते. नीट सांगा.”

मला असलं सांगता येत नाही. मी तारा जोडणारा माणूस. चालू आहे की बंद आहे, एवढंच मी आयुष्यभर सांगत आलो. पण ती वाट बघत होती. मी आणखी एक पाकळी घेतली आणि या वेळी गिळायची घाई केली नाही.

“रवाळ लागतंय,” मी म्हणालो. “आधी दाताखाली साखरेसारखं येतं. मग ते जातं आणि लोण्यासारखं राहतं.”

“सालीकडचं?”

मी चमच्यानं साल खरवडली आणि तोंडात घातलं. “सालीकडचं जास्त रवाळ आहे. पिठूळ. थोडं तुरट आहे.”

“बी सुटतंय का?”

“सहज सुटतंय. जिभेनं नुसतं ढकललं की सुटतंय.”

“असंच पाहिजे,” ती म्हणाली. “बीवर काही राहायला नको.”

मी बी दाखवली. काळी, स्वच्छ. तिनं बघितली आणि मान हलवली.

“थंड आहे का?”

“थंड आहे. पाल्यात होतं ना. घशातून उतरताना थंड कळतंय.”

मी गिळलं तसं तिनंही गिळलं. तिच्या घशाचं हाड वर जाऊन खाली आलेलं मला दिसलं. मी आणखी एक पाकळी घेतली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी चावायला लागलो की तिचा जबडा अगदी जरासा हलायचा. मी सावकाश खाल्लं. प्रत्येक घासाला तिला सांगितलं. हा मोठा आहे, यात दोन बिया आहेत. हा कच्चट आहे, देठाजवळचा. हा सगळ्यात गोड. ती मधूनच डोळे मिटायची आणि मला वाटायचं झोपली, म्हणून मी थांबायचो. मग ती डोळे न उघडता म्हणायची, “पुढं?”

वैजू आतून येऊन दारात उभी राहिली होती.

फळ संपलं. वाटीत साल आणि बिया राहिल्या. मी हात पुसायला पंचा शोधत होतो.

“सरलं?” महानंदानं विचारलं.

“सरलं.”

तिच्या ओठांवरून तिनं जीभ फिरवली.

“दुसरं फोडा,” ती म्हणाली.

मी दुसरं फोडलं.